मिश्र अध्ययन: पहिला घटक घेण्याआधी शिक्षकानं काय तयार ठेवावं, आणि कोणत्या क्रमानं

मिश्र अध्ययन म्हणजे पडद्यावरचं काम आणि समोरासमोरचं शिकवणं एकमेकांना जोडून घेणं. रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर व्हिडिओची लिंक टाकायची आणि सकाळी तोच पाठ फळ्यावर पहिल्यापासून शिकवायचा, हे मिश्र अध्ययन नाही. ज्यानं व्हिडिओ पाहिला त्याचा तास वाया जातो. ज्यानं पाहिला नाही त्याला कळतं की न पाहताही चालतं. दोन आठवड्यांत गटावर फक्त सुप्रभातचे संदेश उरतात आणि शिक्षक म्हणतात, आपल्या मुलांना हे जमत नाही.

चुकतो तो क्रम. आधी टॅब येतात, मग कुणीतरी ॲप सुचवतं, आणि कोणता घटक घ्यायचा, का घ्यायचा हा विचार सगळ्यात शेवटी होतो. खाली हा क्रम उलटा लावला आहे. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या पाचवी ते आठवीच्या वर्गांना समोर ठेवून लिहिलं आहे; इतर इयत्तांना थोड्या फरकानं चालेल. पहिल्या घटकाच्या तयारीला तीन आठवडे धरा, त्याहून कमी नको.

तयारी झाली की नाही, याची कसोटी एकच: पडद्यावर किंवा चिठ्ठीवर मुलांनी दिलेल्या उत्तरांवरून दुसऱ्या दिवशीच्या तासाची पहिली दहा मिनिटं तुम्ही बदलू शकता का? ॲप किती येतात हा प्रश्न त्यानंतरचा.

## टप्पा १: घटक निवडा

घटक असा हवा की जिथे मुलं दरवर्षी अडतात, जो चार ते सहा तासिकांत संपतो, आणि ज्यातला एखादा भाग थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहण्याचा मुलाला खरंच उपयोग होतो. भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज, कंपासनं कोन दुभागणं, नकाशातल्या खुणा आणि प्रमाण, साधा विद्युत परिपथ हे घटक पहिल्या खेपेला चांगले.

कविता, चर्चेचे पाठ आणि हातानं करता येणारे प्रयोग पहिल्या खेपेला घेऊ नका. ओल्या फडक्यात ज्वारीला मोड आणून दाखवता येत असताना अंकुरणाचा व्हिडिओ कशाला?

वेळही पाहून घ्या. जूनमधले शाळेचे पहिले आठवडे प्रवेश आणि उजळणीत जातात. पंढरपूर आणि पालखी मार्गावरच्या गावांत आषाढीच्या आगेमागे शाळेचे दिवस सलग मिळत नाहीत. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सोलापूर शहरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, तेव्हा हजेरी पातळ होते. मार्चपासून सकाळची शाळा. म्हणून पहिला घटक ऑगस्टमध्ये आणि दुसरा दिवाळीनंतर घेणं सोयीचं.

तपासा: "या घटकात मुलं नेमकी कुठे चुकतात?" याचं उत्तर एका वाक्यात लिहून काढा. लिहिता येत नसेल तर घटक बदला.

## टप्पा २: घरची परिस्थिती मोजा

"कुणाकुणाकडे मोबाइल आहे? हात वर करा" असं वर्गात कधीही विचारू नका. नसलेलं मूल एक तर खोटं हात वर करतं किंवा मान खाली घालतं. दोन्हीतून तुम्हाला खरी माहिती मिळत नाही आणि त्या मुलाचा दिवस जातो. पालकसभेत किंवा चिठ्ठीवर पालकांनाच विचारा:

१. घरात स्मार्टफोन किती, आणि ते कुणाचे?
२. तो फोन घरी किती वाजता येतो?
३. मुलाच्या हाती सलग वीस मिनिटं मिळू शकतो का, आणि कधी?
४. घरात शिकणारी आणखी किती मुलं तोच फोन वापरतात?
५. रिचार्ज संपल्यावर पुन्हा लगेच होतो की काही दिवस जातात?
६. घरात कोणती भाषा बोलतात?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. यंत्रमागावर पाळीनं काम करणाऱ्या घरात एकुलता फोन वडिलांसोबत कारखान्यात असतो आणि रात्री उशिरा परततो. आई विड्या वळते त्या घरात फोन दिवसभर असेलही, पण तो साधा बटणांचा असू शकतो. नुसतं "फोन आहे" या उत्तरावर आखलेला गृहपाठ इथेच कोसळतो. पाचवा प्रश्नही सोडू नका. पाच मिनिटांचा मध्यम दर्जाचा व्हिडिओ साधारण २५ ते ४० एमबी खातो, म्हणजे डेटा फार लागत नाही. अडचण येते ती २८ दिवसांचा रिचार्ज संपल्यावर मधल्या कोरड्या दिवसांत.

उत्तरांवरून तीन याद्या करा. पहिलीत संध्याकाळी सात-साडेसातच्या आत फोन मिळणारी मुलं, दुसरीत रात्री उशिरा किंवा कधीमधी मिळणारी, तिसरीत स्मार्टफोनच नसलेली. दुसरी आणि तिसरी यादी मिळून वर्गाच्या एक चतुर्थांशाहून मोठी झाली, तर घरी व्हिडिओ पाहून येण्याची पद्धत सोडून द्या आणि पडद्याचं काम शाळेतच, गट आलटून-पालटून घ्या. इथे भिडेला बळी पडू नका. "बघू, जमेल" म्हणून सुरू केलेल्या वर्गात मागे राहणारी मुलं आणखी मागे पडतात.

हंगामात आई-वडिलांसोबत ऊसतोडीला आलेली मुलं मध्येच वर्गात दाखल झाली, तर त्यांना सरळ तिसऱ्या यादीत धरा. फडावरच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) फोन चार्ज करायची सोयही भरवशाची नसते.

सहाव्या प्रश्नाचा उपयोग व्हिडिओ निवडताना होतो. शहराच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, काही वस्त्यांत उर्दू किंवा दखनी बोलली जाते. भरभर बोललेलं निवेदन या मुलांच्या डोक्यावरून जातं. अशा वेळी आवाज बंद करून चित्र चालू ठेवा आणि निवेदन स्वतः करा. गटात मुलं आपसात घरच्या भाषेत समजावत असतील तर अडवू नका. उत्तर मात्र माध्यमाच्या भाषेत लिहू द्या.

## टप्पा ३: स्वतःची तयारी, करून पाहा

प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं बाजूला ठेवा. खालची आठ कामं, कुणालाही न विचारता, शाळेतल्याच उपकरणावर करून पाहा. पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रातल्या (जवळच्या शाळांच्या समूहातल्या) शिक्षकांनी जोडीनं केली तर अधिक चांगलं.

१. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या शासनाच्या शैक्षणिक ॲपवर स्कॅन करून साहित्य उतरवून घ्या, मग फोन विमान मोडवर टाकून ते चालवून दाखवा.
२. तोच व्हिडिओ वर्गातल्या टीव्हीवर आवाजासह लावा. वेळ पाच मिनिटं.
३. तीन प्रश्नांची ऑनलाइन चाचणी बनवा आणि कुणी कोणता पर्याय निवडला ते उघडून पाहा.
४. दोन मिनिटांची ध्वनिफीत एका दमात, कापाकापी न करता, स्पष्ट रेकॉर्ड करा.
५. वर्गाच्या गटावर फक्त ॲडमिननं संदेश टाकावेत अशी सेटिंग करा.
६. वीज गेली असं समजून तोच तास खडू-फळ्यावर पुढे चालू ठेवा.
७. बारा मुलांचा एक गट स्वतः काम करत असताना दुसऱ्या गटासोबत सलग पंधरा मिनिटं बसा.
८. वीस चुकीची उत्तरं समोर घेऊन चुकीच्या प्रकारानुसार त्यांचे ढीग लावा.

पहिली पाच कामं दोन दुपारीत शिकता येतात. शाळेतला एखादा तरुण सहकारी शिकवील. त्यानं करून देऊ नये, तुमच्या हातून करून घ्यावं.

खरी पारख सातव्या आणि आठव्या कामात होते. वर्ग वर्षानुवर्षं एका सुरात, सगळे एकत्र असा चालला असेल तर मुलांना स्वतः काम करायची सवय नसते आणि शिक्षकाला नजर हटवायची. त्यामुळे टॅब आणण्याआधी एक आठवडा नुसत्या कागदावर गट फिरवा: एक गट वहीत सराव करतो, दुसरा जोडीत कार्डं लावतो, तिसरा तुमच्याजवळ. पहिल्या दिवशी गोंगाट होईल, तुम्हाला दहादा उठावं लागेल. चौथ्या-पाचव्या दिवशी उठणं कमी होतं. कागदावर फिरत नसलेला गट टॅब दिल्यानं फिरायला लागत नाही, उलट भांडणाला एक कारण वाढतं.

सावध: मुख्याध्यापकांनी इथे एक गोष्ट करायलाच हवी. पहिल्या घटकाच्या तीन आठवड्यांत त्या शिक्षकाकडून एखादं दुसरं काम काढून घ्या, मग ते नोंदवहीचं असो की कार्यक्रमाचं. सगळं जुनं तसंच ठेवून हे वर चढवलं तर माणूस थकतो आणि पद्धतीला दोष लागतो.

## टप्पा ४: साधनं, वीज, आवाज

टीव्ही असेल तर तपासा की पेनड्राइव्ह थेट चालतो का. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला आणि फाइल एमपी४, एच.२६४ प्रकारची असेल तर बहुतेक टीव्ही ती उघडतात. "चित्र येतं, आवाज येत नाही" ही तक्रार बहुधा फाइलच्या प्रकारामुळे असते. टीव्ही बिघडला म्हणून मेकॅनिक बोलवायच्या आधी दुसरी फाइल लावून बघा. फोनला टाइप-सीची केबल जोडून चित्र टीव्हीवर येईलच असं नाही. अनेक स्वस्त फोनच्या त्या खाचेतून चार्जिंग होतं, फाइली जातात-येतात, पण चित्र बाहेर जात नाही. केबल विकत घेण्याआधी दुकानात आपलाच फोन लावून पाहा.

पत्र्याच्या छताखाली, पंखे चालू असताना टीव्हीचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. एक साधा वायरचा स्पीकर लागतोच.

टॅबवर रंगानं मोठे आकडे टाका आणि प्रत्येक टॅब ठरलेल्या जोडीलाच द्या. एका टॅबवर दोन मुलं ही मर्यादा. तिसरं मूल फक्त बघत बसतं. चार्जिंग आदल्या दिवशी दुपारी, शाळा सुटण्याआधी. सकाळी लावू म्हटलं की नेमकी वीज गेलेली असते.

इंटरनेट वर्गात लागणारच नाही, असंच नियोजन करा. एका फोनच्या हॉटस्पॉटवर आठ-दहा टॅब जोडून सगळ्यांवर एकदम व्हिडिओ सुरू केला की एकावरही नीट चालत नाही. सगळं साहित्य आधी उतरवून ठेवा.

तपासा: रिकाम्या वर्गात, नेट बंद करून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं एकदा चालवा. शेवटच्या बाकावर बसून पाहा: अक्षरं वाचता येतात का, खिडकीचा उजेड पडद्यावर पडतो का.

## टप्पा ५: घटकाचा आराखडा

इथे घाई नको. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे पडद्यावर होणारं काम, उजवीकडे समोरासमोर होणारं. मग प्रत्येक डाव्या ओळीतून उजवीकडे एक बाण काढा आणि बाणावर लिहा, इथून काय घेऊन तिथे जायचं. बाण निघत नसेल तर तो व्हिडिओ गाळा, कितीही सुंदर असला तरी.

उदाहरण म्हणून भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज घेऊ.

पडद्यावर: छेद समान का करायचे हे आकृतीनं दाखवणारा चार ते सहा मिनिटांचा एकच व्हिडिओ. तो स्वतः पूर्ण पाहा. कोड स्कॅन करून उघडलेलं साहित्य आपल्याच इयत्तेचं, माध्यमाचं आणि घटकाचं आहे ना हे बघा. शब्द पाठ्यपुस्तकातलेच आहेत का, तेही. पुस्तकात "समच्छेद" आणि व्हिडिओत दुसराच शब्द असेल तर मूल तिथेच अडखळतं. कुठे थांबवायचं ते मिनिट-सेकंदासह लिहून ठेवा. थांबल्यावर विचारायचा प्रश्नही.

बाण: व्हिडिओनंतर लगेच एक प्रश्न, १/२ + १/३ = ? आणि चार पर्याय: २/५, २/६, ५/६, १/६.

हे पर्याय सहज सुचले म्हणून घातलेले नाहीत. २/५ निवडणाऱ्यानं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला; त्याला अपूर्णांक म्हणजे एक संख्या आहे हेच अजून पटलेलं नाही. २/६ वाल्यानं छेद समान केला पण अंश बदलायचा राहिला; तो अर्ध्या वाटेवर आहे. १/६ वाल्यानं गुणाकार केला. बहुधा दोन क्रियांचे नियम एकमेकांत मिसळले. तिघांना लागणारी मदत वेगळी आहे. चुकीच्या पर्यायांमागे अशी कारणं नसतील तर चाचणीतून फक्त गुण मिळतात, उद्या काय करायचं ते कळत नाही.

समोरासमोर: २/५ वाल्यांसाठी कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या, एकीला अर्धी घडी, दुसरीला तिहेरी, दोन्ही रंगवलेले तुकडे पूर्ण पट्टीशेजारी ठेवून विचारायचं, दोन पंचमांश तर अर्ध्याहूनही कमी, मग अर्ध्यात आणखी मिळवून उत्तर कमी कसं झालं? २/६ वाल्यांना त्याच पट्ट्यांचे घड्या घालून सहा सारखे भाग करून एका अर्ध्यात किती षष्ठांश बसतात ते मोजू द्या. १/६ वाल्यांना "अर्ध्यात तृतीयांश मिळवणं" आणि "अर्ध्याचा तृतीयांश" ही दोन चित्रं शेजारी काढायला लावा.

सावध: पहिल्या घटकात व्हिडिओ एक किंवा दोन. रोज नवा व्हिडिओ दिला की प्रश्नांकडे, पट्ट्यांकडे बघायला वेळच राहत नाही.

## टप्पा ६: पालक आणि परवानगी

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत दहा मिनिटं घ्या आणि आराखड्याचं पान दाखवा. पालकांना तीन गोष्टी सांगा: रोज पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त पडदा नाही, फोन नसलेल्या मुलाचं काम शाळेतच पूर्ण होईल, आणि यासाठी नवा फोन घ्यायची गरज नाही. तिसरी गोष्ट ठासून सांगा. मुलाच्या शिक्षणासाठी म्हणून हप्त्यावर फोन घेणारी घरं असतात.

मुलांची नावं, फोटो, गुण गटावर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, म्हणून कोणत्याही ॲपवर मुलांची खाती उघडण्याआधी लेखी संमती घ्या. चुकीची उत्तरं दाखवायची असतील तर नावाशिवाय.

## टप्पा ७: पहिला तास

वर्ग ३६ मुलांचा, टॅब सहा. तीन गट, प्रत्येकी बारा. टॅबगटात सहा जोड्या. ३५ मिनिटांच्या एका तासिकेत तीन फेऱ्या बसत नाहीत, प्रयत्नही करू नका. दोन तासिका जोडून घ्या:

पहिली ५ मिनिटं सूचना, फळ्यावर लिहून.
मग १८ मिनिटांच्या तीन फेऱ्या: टॅब, सराव, शिक्षकाजवळ.
मधल्या दोन बदलांना प्रत्येकी ३ मिनिटं.
शेवटची ५ मिनिटं उत्तरचिठ्ठी.

एकूण ७० मिनिटं होतात. टॅब जागेवरच ठेवा, मुलं फिरू द्या. मुलांनी टॅब घेऊन फिरायचं ठरवलं की पहिल्याच दिवशी एखादा फुटतो. शिक्षकाजवळच्या गटात बसलेले असताना टॅबवाल्यांनी हाक मारली तर उठू नका. आधी जोडीदाराला, मग गटप्रमुखाला, तरीही अडलं तर टॅब पालथा ठेवून वहीतला सराव, हा नियम फळ्यावर लिहिलेला हवा.

उत्तरचिठ्ठी कागदाचीच बरी: वहीच्या पानाचा चौथा हिस्सा, नाव, एक उदाहरण, उत्तर. सगळ्या मुलांकडून एकाच पद्धतीनं माहिती मिळते आणि नेटवर काही अवलंबून राहत नाही. जोडीनं टॅबवर दिलेल्या उत्तरात कुणाचं डोकं चाललं हे कळत नाही, म्हणूनही चिठ्ठी लागते.

सावध: पहिल्या दिवशी एक फेरी अपुरी राहिली तर ती दुसऱ्या दिवशी पुरी करा. वेळ वाचवायला शिक्षकाजवळची फेरी कापू नका. सगळी खटपट त्या अठरा मिनिटांसाठी चालली आहे.

## टप्पा ८: दुसऱ्या दिवशीची पहिली दहा मिनिटं

चिठ्ठ्या शाळा सुटल्यावर लगेच वाचा, घरी नेल्या की राहतात. चार ढीग लावा, वर मुलांची संख्या लिहा. ३६ चिठ्ठ्यांना पाच-सात मिनिटं लागतात.

निम्म्याहून जास्त मुलं एकाच ढिगात चुकलेली असतील तर चूक मुलांची नाही, सांगण्याची आहे. व्हिडिओ पुन्हा दाखवू नका. त्यानं ज्यांना कळलं नाही त्यांना तो दुसऱ्यांदाही तसाच जाईल. पट्ट्या घेऊन सगळ्या वर्गासमोर करा. चूक पाच-सहा मुलांपुरती असेल तर बाकीच्यांना पुढचा सराव द्या आणि त्या पाच-सहांना जवळ घ्या. सगळी बरोबर असतील, तेही होतं, तर पुढचा व्हिडिओ गाळून थेट शाब्दिक उदाहरणांवर जा. आराखडा तुम्हीच केला आहे, तो मोडायचा अधिकारही तुमचाच.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे चिठ्ठ्यांवर गुण देऊन त्या परत वाटणं. गुण मिळाले की मुलं चूक लपवायला लागतात, शेजाऱ्याचं बघायला लागतात, आणि तुमचे ढीग खोटे होतात.

## टप्पा ९: घटक संपल्यावर

पहिल्या दिवशीचाच प्रश्न आकडे बदलून पुन्हा द्या, म्हणजे १/४ + १/३. पर्याय त्याच चुकांचे: २/७, २/१२, ७/१२, १/१२. दोन्ही वेळचे ढीग शेजारी ठेवून मोजा. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणाऱ्यांचा (आधी २/५, आता २/७) ढीग कमी झाला नसेल तर पट्ट्यांच्या कामात काही राहिलं. तिसऱ्या यादीतली मुलं वेगळी मोजा. वर्गाची सरासरी सुधारली आणि हीच मुलं जागच्या जागी असतील तर पुढच्या घटकात त्यांना शिक्षकाजवळच्या फेरीत आधी बसवा.

दुसऱ्या शिक्षकाला बरोबर घ्यायचं ते यानंतर. त्यांना आराखड्याचं पान, उत्तरचिठ्ठ्यांचे आकडे आणि वापरलेले व्हिडिओ एकत्र द्या. फाइलींना "सहावी_गणित_अपूर्णांक_१" अशी नावं ठेवा. "नवीन व्हिडिओ फायनल" नावाची फाइल पुढच्या वर्षी कुणालाच सापडत नाही. एक प्रत शाळेच्या पेनड्राइव्हवर ठेवा, कारण बदली झाली की शिक्षकाचा फोन त्याच्यासोबत जातो.

दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी टॅब साधारण निम्मे चार्ज करून, बंद करून, वेगवेगळे ठेवा. पूर्ण रिकामे ठेवलेले टॅब जूनमध्ये सुरूच होत नाहीत, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात ठेवले तर बॅटरी फुगते. कार्यालयातलं खालचं, भिंतीच्या सावलीतलं कपाट बरं. मे महिन्याच्या मध्याला कुणीतरी एकदा शाळेत येऊन ते पुन्हा निम्म्यापर्यंत चार्ज करील, एवढं नाव घालून ठरवून ठेवा.